हिराजीकाकांची उन्हातली खिचडी

हिराजीकाका खिचडीला दर अर्ध्या तासाने कूस बदलायला लावायचे. खिचडी गच्चीवर एका खोक्यात असायची. ऊन सरकलं की काका खोकं वळवायचे आणि भोवतालच्या मुलांना सांगायचे, "आपुन सूर्याच्या मागं जायाचं. तो आपल्या मागं येत नाय."

ही आमच्या कामोठ्याच्या बिल्डिंगमधली, पंधरा-वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आता मी आजी आहे. तेव्हा पंचेचाळिशीची होते आणि अख्खी बिल्डिंग पाठीमागे मला 'दुर्बीण' म्हणायची. मला ते कौतुक वाटायचं.

काका मूळचे उरणचे कोळी. तळोज्याच्या केमिकल कंपनीत जन्मभर शिफ्ट केल्या, निवृत्त झाले, बायको गेली, आणि त्या मे महिन्यात त्यांनी सुट्टीतली अकरा मुलं गोळा केली. पुठ्ठ्याचं खोकं, आत चंदेरी कागद, त्यात काळा रंगवलेला डबा, वर काचेची चौकट आणि ती हलू नये म्हणून वीट. "काला डबा ऊन पितो, काच त्याला बाहेर सोडत नाय. झालं शिक्षण."

माझं डोकं लगेच चाललं. केमिकलवाला माणूस, काळा डबा, लोकांची पोरं. गॅस नाही, काडी नाही, तरी अन्न शिजणार? काहीतरी मिसळत असणार. मिस्टरांना सांगितलं, तर ते पेपरामागून म्हणाले, "डाळ-तांदूळ मिसळत असेल."

मग मी गच्चीवर पापड वाळत घालायला काढले. खोकं वळवून काका गच्चीखालच्याच आपल्या घरात गेले, मुलं खेळायला पांगली, की मी वीट खाली ठेवायचे, काच उचलायचे, डब्याचं झाकण काढून वास घ्यायचे. खिचडीसारखाच वास. हेच तर संशयास्पद. अर्ध्या तासाने पापड उलटवायला पुन्हा वर. त्या वर्षाइतके माझे पापड कधी उलटले नाहीत.

तीन दिवस खिचडी कच्ची राहिली. "घाई केली का कच्चं खायाचं," काका म्हणाले.

"पण आम्ही कुठे घाई केली?" तळमजल्यावरची चिमी फणकारली. "उद्या नाही शिजली तर आम्ही येणार नाही, काका." अकरातली चारच मुलं उरली होती. पितळ उघडं पडलं, असं मी मनात म्हटलं.

चौथ्या दिवशी मी करंजाड्याला बहिणीकडे गेले. संध्याकाळी परतले, तर काका वाटी घेऊन दारात. आत मऊसूत खिचडी.

"शिजली, ताई. चौघांनी डबा चाटूनपुसून खाल्ला."

वाटी हातात घेतली आणि लक्षात आलं, मी गच्चीवर गेले नव्हते असा हा पहिलाच दिवस. "म्हणजे मी काच उघडायचे, म्हणून..."

"ऊब जायाची."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुमी वीट खाली ठेवली का माझ्या छताला ठक वाजतं."

"मग बोलला का नाहीत? सगळी पोरं गेली असती ना."

काका माझ्या उंबऱ्यावर टेकले. "रोज बोलनार होतो. पन आमची पन अशीच होती. भात ठेवला का दहा वेला झाकण उघडून बघायची. दोन वर्सं घरात तसा आवाज नाय. म्हटलं, आजच्या दिस वाजू दे, उद्या सांगू."

दुसऱ्या दिवशी मुलं सात झाली. मी पापड घेऊन वर गेले. काचेला हात लावला नाही. वीट तेवढी उचलली, खाली ठेवली, ठक वाजू दिलं आणि पुन्हा जागेवर ठेवली.

अर्ध्या तासाने पापड उलटवायला परत गेले.