बापूंचा मसाला आणि क्वांटमचं कुलूप

आमच्या चाळीतले बापू परब एका मसाल्याचं सामान पाच दुकानांतून आणतात. लालबागच्या मसाला गल्लीत मिरच्या एकाकडून, धणे दुसऱ्याकडून, दगडफूल तिसऱ्याकडून. वर नको असलेली मेथीही घेतात, केवळ दुकानदाराला चकवायला. ती मेथी मग माझ्या गळ्यात पडते.

प्रमाण त्यांच्या बायकोचं, माईंचं. माई गेल्यापासून ते फक्त बापूंच्या डोक्यात आहे आणि त्यांच्या मते अख्खी मुंबई त्यावर टपून बसली आहे. "माणूस गोड बोललो की समजायचा, तेका आपल्याकडसून कायतरी होया!"

त्यांची मुलगी सुली आयर्लंडला असते. दर मे महिन्यात येते, बापूंबरोबर डंकावर उभी राहून मसाला कुटून घेते आणि वर्षाचा मसाला घेऊन परत जाते. यंदा मात्र तिने प्रमाणच ईमेलवर मागितलं. सामान तिकडेही मिळतं म्हणाली.

मी लोअर परळला ईमेलचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ऑफिसात आहे. नेमकं तेव्हाच मी बोलून बसले, की चोर आजचे बंद मेल साठवून ठेवतात, उद्या क्वांटम कॉम्प्युटर आले की आजची कुलपं फुटतील, म्हणून आम्ही मेलला नवं कुलूप बसवतोय. झालं! बापूंच्या हाती कोलीतच मिळालं. कुलूप आल्याशिवाय प्रमाण धाडणार नाही, असं त्यांनी सुलीला कळवून टाकलं. फोनवर सांगा म्हटलं, तर म्हणे भिंतींना कान असतात. रोज संध्याकाळी माझ्या दारात हजर. "कुलूप इला काय गो?"

एकदाचं ते आलं. मी त्यांच्या आणि सुलीच्याही मेलवर चालू करून दिलं. म्हटलं, "बापू, आता क्वांटमचा बाप आला तरी उघडणार नाही."

"तुमच्या हापिसात कोण वाचूचो नाय?"

"नाही हो बापू. अगदी निर्धास्त राहा."

"मग तू एवढी गोड कित्याक बोलतंस?"

मी कपाळाला हात लावला. बापूंनी चष्मा पुसला, लॅपटॉपवर 'मिरची' एवढा शब्द टाइप केला, खोडला, परत टाइप केला, परत खोडला. आता संशय यायची पाळी माझी होती.

"बापू, खरं सांगा. तुम्हाला भीती नक्की कोणाची वाटते?"

त्यांनी लॅपटॉप अर्धा मिटला.

"प्रमाण गेला, की ती मे महिन्यात कित्याक येतली गो?"

एवढे दिवस मी या माणसाला हसत होते. मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला आणि सुलीला लिहिलं, 'कुलूप अजून कच्चं आहे. यंदा तूच ये.' माझ्या ऑफिसने हे वाचलं असतं तर माझी नोकरीच गेली असती.

बापूंनी ते दोनदा वाचलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "खाली लिही, तुझो बापूस वाट बघता."

मी लिहिलं. पाठवणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"ह्या मात्र नव्या कुलपात घाल हां. दुसऱ्या कोणी वाचूक नको."