हिरवा थर वाळेपर्यंत

मी तैलचित्रकार आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण शेवटी सांगितलं तर तुम्हाला पटणार नाही. त्यातही साधासुधा नाही, व्यक्तिचित्रकार! माणसाला चार महिने समोर बसवायचं आणि मग त्याने चित्र बघून "हा कोण?" असं विचारायचं, ही आमची थोर परंपरा. गेल्या तीन वर्षांत माझं एकही चित्र कुणी घरी नेलं नव्हतं, यावरून माझा दर्जा लक्षात यावा.

आमच्या घरात उत्तरेकडून उजेड येणारी एक खोली आहे. दिवसभर एकसारखा, शांत उजेड! असा उजेड मिळाला की कलावंताला दुसरं काही लागत नाही, असं मी बायकोला येता-जाता ऐकवत असे. तिला मात्र त्या खोलीत पलंग दिसत होता. तिची आई आमच्याकडे कायमची राहायला आली होती आणि बैठकीच्या सोफ्यावर झोपत होती.

"सोफ्यावर आईची पाठ धरते," एक दिवस चहा पिताना बायको म्हणाली. "महिनाअखेरपर्यंत तुझ्या कलेने काहीतरी करून दाखवावं. नाहीतर तुझं ईझल माळ्यावर आणि आईचा पलंग खोलीत."

"तू कलेला मुदत घालतेस?"

"कलेला नाही. खोलीला."

वर संधीही तिनेच आणली. तिच्या ऑफिसात कौटुंबिक मेळावा होता. जेवण आणि मुलांची करमणूक ही दोन्ही कामं तिच्या गळ्यात होती आणि ती दोन महिने त्यासाठी राबत होती. मुलांच्या चेहऱ्यावर चित्रं काढणारी बाई नेमकी दोन दिवस आधी जिन्यावरून पडली आणि तिचा उजवा हात मोडला.

"तू ये," बायको म्हणाली. "वाघ, मांजर, फुलपाखरू. एवढंच."

"मी? गालांवर फुलपाखरं? अगं, मी रेषेसाठी बारा वर्षं हात घासलाय!"

"छान. मग पट्टे सरळ येतील."

मी एक सुस्कारा सोडला. मोठ्या माणसाने सोडावा तसा. म्हटलं, "ठीक आहे. पण करीन ते अजरामर करीन!"

"अजरामर नको. साबणाने निघणारं हवं," असं म्हणून तिने चेहऱ्यावर लावायच्या रंगांचा डबा स्वतःच विकत आणला. माझ्यावर इतका विश्वास!

सरावासाठी सासूबाई आपण होऊन पुढे आल्या. "माझ्या तोंडावर करा, जावईबापू. तसंही त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ आहे?"

आता इथे तुम्हाला आमच्या गुरुजींची पद्धत समजून घ्यावी लागेल. चेहरा रंगवताना आम्ही एकदम चेहऱ्याचा रंग लावत नाही. ते बोर्ड रंगवणारे करतात. आम्ही आधी अख्ख्या चेहऱ्यावर मळकट हिरवा थर देतो, तो पूर्ण वाळू देतो आणि मग त्यावर बाकीचे रंग चढवतो. खालचा हिरवा वरून हळूच डोकावतो आणि चेहरा जिवंत होतो. हा थर चुकवणाऱ्याला गुरुजी वर्गाबाहेर काढत.

तर मी सासूबाईंना हिरवं केलं, अर्धा तास वाळवलं आणि मग अशी वाघीण काढली, अशी काढली, की त्यांनी झोपेपर्यंत तोंड धुतलं नाही. फक्त एक शंका काढली.

"मी म्हातारी, मी बसले अर्धा तास. पोरं बसतील का हो? त्यांना एकदम वाघच काढा."

"आई, कलेत घाई नसते," मी म्हणालो. हे वाक्य पुढे माझ्या घरात अनेकदा वापरलं गेलं, पण माझ्याकडून नाही.

मेळाव्याच्या दिवशी दोन दालनं होती. एकात मोठी माणसं जेवत होती, दुसऱ्यात मुलं. माझं टेबल एका घडीच्या पडद्यामागे मांडलं होतं आणि रांग लावायला सासूबाई होत्या. पहिलंच गिऱ्हाईक म्हणून एक मुलगी आली, पुढचे दोन दात पडलेली.

"मला वाघ!"

मी तिला हिरवी केली. तिने आरशात पाहिलं.

"हा वाघ आहे?"

"हा वाघाच्या आतला भाग आहे."

"वाघ आतून हिरवा असतो?"

"चांगला वाघ असतो! आता तिकडे भिंतीपाशी बसून वाळव. हलायचं नाही, बोलायचं नाही आणि हसायचं तर अजिबात नाही. हसलीस तर थराला भेगा पडतील."

गुरुजींचा धाक मी इतक्या हुबेहूब वठवला की मुलगी पुतळा होऊन बसली. मग दुसरा. मग तिसरी. मोठं काम असलं की आधी सगळीकडे हिरवा थर देऊन घ्यायचा, हा आमचा शिरस्ता! तासाभरात तेवीस मुलं भिंतीला टेकून बसली होती. मळकट हिरवी, गप्प, डोळे समोर लावलेली. दोघं-तिघं कंटाळून सतरंजीवर आडवी झाली होती.

अशा वेळी बायकोचे मोठे साहेब हातात सुपाचा वाडगा घेऊन मुलांची मजा बघायला आले. ती दात पडलेली मुलगी त्यांची नात होती, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

"बाळा! काय होतंय तुला?"

बाळाला बोलायची बंदी होती. तिने फक्त डोळे वर केले.

साहेबांनी शेजारच्या मुलाला विचारलं. त्याला बराच वेळ हसू दाबावं लागत होतं. त्याच्या डोळ्यांतून टपकन पाणी आलं. साहेबांनी रांगेवरून नजर फिरवली. मग हातातल्या वाडग्याकडे पाहिलं.

"सूप!" ते किंचाळले. "कुणीही सूप पिऊ नका! मुलांना विषबाधा झालीये!"

पुढच्या दोन मिनिटांत काय झालं ते मी पाहिलं नाही, कारण मी पडद्यामागे चोविसाव्याची हनुवटी रंगवत होतो. नंतर कळलं की तीन वाडगे रिचवलेले भांडारप्रमुख तिथल्या तिथे जमिनीवर बसले, ज्यांनी सूप चाखलंही नव्हतं त्या टायपिस्टबाईंना मळमळू लागलं आणि बेसिनपाशी ढकलाढकली झाली. सासूबाई काय ओरडून सांगत होत्या ते त्यात कुणालाच ऐकू आलं नाही. मला फक्त गलका ऐकू आला. धावणारी पावलं, "अरे बघा, बघा!" अशा आरोळ्या. मी मनात म्हटलं, अखेर लोकांना कलेची कदर कळली!

नम्र चेहरा करून मी बाहेर आलो. बघतो तर आया आपापल्या हिरव्या मुलांना उचलायला धावताहेत! माझा ओला थर!

"दूर व्हा!" मी ओरडलो. "हात लावू नका त्यांना! हाताला लागेल!"

आया जागच्या जागी थबकल्या. एकाने तोंडावर रुमाल धरला.

"अरे देवा," साहेब म्हणाले, "संसर्गजन्य आहे!"

मग जे झालं त्याला मराठीत पळापळ म्हणतात. त्या गर्दीतून उलट दिशेने एकच बाई चालत आली. त्या डॉक्टर होत्या, मेळाव्यात लोकांचा रक्तदाब तपासायला बसल्या होत्या. त्यांनी साहेबांच्या नातीची नाडी पाहिली, पापणी खाली ओढली, कपाळाला हात लावला. मग स्वतःच्या हिरव्या बोटांकडे पाहिलं. कापसाचा बोळा भिजवून एकदा गालावरून फिरवला.

"रंग आहे," त्या म्हणाल्या.

अख्ख्या दालनाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातला ब्रश हिरवा होता.

"आता बोलू?" नातीने विचारलं. "वाघ कधी होणार?"

मी बायकोकडे पाहिलं. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती सुपाच्या भांड्यापाशी डाव धरून उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. तेव्हा मात्र मला खरोखर लाज वाटली. कलेची वगैरे नाही, स्वतःची.

"गुरुजींना आता घरी पाठवा, जावईबापू!" सासूबाई कडाडल्या. "हिरवा आहे ना? बेडूक करा सगळ्यांचे!"

वीस मिनिटांत बावीस बेडूक झाले. थर नाही, वाळवणं नाही, मागे सरकून डोळे बारीक करून बघणं नाही. नातीचा तेवढा वाघ झाला आणि चोविसाव्याला हनुवटीपुरतं मगर व्हायचं होतं. मुलं उड्या मारायला लागली, साहेब ओशाळून हसले आणि भांडारप्रमुखांनी सुपाचा चौथा वाडगा घेतला. मी सामान आवरत मनातल्या मनात ईझलही माळ्यावर चढवत होतो. तेवढ्यात डॉक्टरीणबाई जवळ आल्या.

"आमच्याकडे नर्सिंगच्या मुलींना शिकवायला खोटे रोगी लागतात. वीस वर्षांच्या नोकरीत मी आज पहिल्यांदा फसले, नाडी हातात घेईपर्यंत. कावीळ जमेल तुम्हाला?"

"बाई, मी व्यक्तिचित्रकार आहे," मी मान ताठ करून म्हणालो.

"जमेल," मागून बायको म्हणाली.

तर असा मी या व्यवसायात आलो. आता माझा भाजल्याच्या जखमांत हातखंडा आहे, चार दिवसांपूर्वीच्या मुक्या माराचं निळं-पिवळं तर फार नावाजलं जातं. लोक माझं काम बघून खुर्ची शोधतात. तैलचित्रांपुढे कधी कुणी असं हललं नव्हतं. खोलीही वाचली. सरावाला रोज सासूबाई बसतात आणि रोगी म्हटला की झोपायला पलंग लागतोच, म्हणून त्यांचा पलंग उत्तरेच्या उजेडात नेला आहे. पलंग मोठा असल्यामुळे ईझल माळ्यावर आहे.

गेल्या आठवड्यात मला सणकून ताप आला आणि अंगभर लाल पुरळ उठलं. बायको चपला घालता घालता म्हणाली, "ऑफिसला उशीर होतोय, ते पुसून घे आणि कुकर लाव." सासूबाईंनी मात्र कौतुकाने चष्मा लावला, मला उजेडाकडे वळवलं आणि बराच वेळ निरखून पाहिलं.

"ठिपके फार एकसारखे आलेत, जावईबापू," त्या म्हणाल्या. "खरे वाटत नाहीत."

सध्या मी बैठकीच्या सोफ्यावर पडून आहे. पाठ धरते हो तिथे!