शुक्रवारी सहाला जेवायला या!

"फाइल? मला फाइल भरायला शिकवता?" हुशंग-खान गरजले. "शिराझच्या जमीन-नोंदणी कचेरीत उभा जन्म काढलाय मी! अख्खं शहर माझ्या सहीवर उभं होतं. ही इंग्रजीची फाइल म्हणजे हातचा मळ!"

त्यांची बायको महीन-खानूम नुसती उठली. तिनं फक्त आपली फाइल टेबलावर ठेवली. धप्प! चहाचे पेले जागच्या जागी उडाले. मग तिनं नवऱ्याची फाइल उचलून तिच्या शेजारी ठेवली. तिचा मात्र काही आवाजच आला नाही.

इराण सोडून हे दोघं जिथं आले, त्या रिचमंड हिलमध्ये वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर नव्यानं आलेल्यांसाठी इंग्रजीचा वर्ग भरतो. तिथं परीक्षा नसते, फाइल असते. पोर्टफोलिओ म्हणतात तिला. पहिल्या पानावर आपणच आपला आराखडा लिहायचा: मी काय शिकणार, कसं शिकणार. मागच्या पानांत पुरावे. म्हणजे वर्गाबाहेर जाऊन एखाद्या खऱ्याखुऱ्या माणसाशी इंग्रजीत बोलायचं आणि 'ह्यांचं बोलणं मला समजलं' अशी त्याची चिठ्ठी आणायची. महीन-खानूमनं दंतवैद्याच्या दवाखान्यातल्या बाईशी भांडून चिठ्ठी आणली होती, दुकानात आंबलेलं दही परत करून आणली होती, इतकंच काय, बर्फात घसरून पडल्यावर उचलायला आलेल्या माणसाकडूनही तिनं आधी चिठ्ठी घेतली आणि मग उठली!

आणि हुशंग-खान? त्यांच्या फाइलीत एकच कागद होता. वळणदार अक्षरात लिहिलेला, भोवती फुलाफुलांची महिरप काढलेली. 'ध्येय: मी सुंदर इंग्रजी बोलेन.' संपलं!

मंगळवारी वर्गाच्या शिक्षिका लोर्नाबाईंनी त्यांना थांबवलं. बाई स्वभावानं लोणी, पण नियम म्हणजे नियम.

"हुशंग, सोमवारी मी फायली बघणार. पुरावे नसले तर तुम्हाला पुन्हा ह्याच वर्गात बसावं लागेल. महीन वरच्या वर्गात जाते आहे."

हुशंग-खानांनी महीनकडे पाहिलं. तिच्या शेजारी बसायला मिळतं म्हणून तर ते वर्गात येत होते! तिच्या वहीत डोकावायचं, तिनं कोपरानं ढोसलं की 'येस' म्हणायचं, मधल्या सुट्टीत तिच्या डब्यातले पिस्ते खायचे. ह्या परमुलखात आल्यापासून त्यांना सगळ्याची भीती वाटत होती. फोनची, बँकेची, लिफ्टमध्ये हवापाण्याच्या गप्पा मारणाऱ्यांची. महीन शेजारी असली की ती भीती निम्मी व्हायची. आणि आता ती वर जाणार, आणि हे खाली, एकटे!

"आराखडा पक्का करा," महीन म्हणाली. "जे उत्तम जमतं तेच ध्येय ठेवा."

रात्रभर विचार करायची वेळच आली नाही. जिना उतरता उतरताच त्यांना सुचलं. त्यांना उत्तम जमत होतं ते आमंत्रण देणं!

आता शिराझमध्ये 'आमच्याकडे जेवायला या' हे आपल्या 'काय, बरं आहे ना?' सारखं. ते वाटेल त्याला म्हणायचं. भाजीवाल्याला म्हणायचं, ज्याच्याशी कोर्टात दावा चालू आहे त्यालाही म्हणायचं. समोरच्यानं छातीवर हात ठेवून 'आभारी आहे' म्हणायचं आणि आपापल्या घरी जाऊन जेवायचं. तिथला टॅक्सीवालासुद्धा 'राहू द्या हो, तुमच्याकडून कसले पैसे घ्यायचे' म्हणतो, म्हणून काय कोणी पैसे न देता उतरतं? खर्च शून्य आणि दोघांचाही मान राहतो. ह्याला म्हणतात तआरोफ. हुशंग-खान त्यात पारंगत!

आणि नशीब बघा, पुस्तकात आमंत्रणाचा धडाच होता. 'प्लीज कम टू माय हाउस फॉर डिनर, फ्रायडे अॅट सिक्स.' हुशंग-खानांनी ते वाक्य जसंच्या तसं पाठ केलं आणि बुधवारी सकाळी दाढी करून बाहेर पडले.

पहिल्या ग्लॅडिसबाई. शेजारच्या, एकट्याच राहणाऱ्या. त्या लिफ्टमध्येच सापडल्या. हुशंग-खानांनी छातीवर हात ठेवला, मान झुकवली आणि वाक्य सोडलं.

"अय्या! थँक्यू!" ग्लॅडिसबाईंचा चेहरा उजळला.

'आभार मानले. म्हणजे नाही म्हणाल्या. किती खानदानी बाई!' असं मनात म्हणत त्यांनी चिठ्ठी पुढे केली. बाईंनी सही केली.

मग काय, गाडी सुटलीच! इमारतीची डागडुजी करणारा धिप्पाड वॉल्टर. थँक्यू! बस चालवणारा डेस्मंड. थँक्यू, मॅन! औषधांच्या दुकानातली मुलगी, वाचनालयातल्या दोघी, कुत्रं फिरवणारं जोडपं, कुत्र्यासकट, शिवाय वाटेत भेटेल तो. गुरुवारी तर त्यांनी लोर्नाबाईंनाही सोडलं नाही. सगळ्यांनी गोड हसून आभार मानले, सगळ्यांनी सह्या केल्या.

"महीन-जान," घरी येऊन ते फाइल थोपटत म्हणाले, "हे लोक आपल्याला उगीच कोरडे वाटत होते. अगं, एकही माणूस हो म्हणाला नाही!"

शुक्रवारी सकाळी दार वाजलं. ग्लॅडिसबाई.

"महीन, मी संध्याकाळी सफरचंदाचा केक आणते आहे. दालचिनी चालते ना तुम्हाला? आणि अगदी सहालाच यायचं ना?"

महीन-खानूमनं गोड हसून 'हो हो' म्हटलं, दार लावलं आणि वळली.

"हुशंग-खान!"

एरवी ती नुसतं 'अहो' म्हणायची. नावापुढे 'खान' लागलं की पळायची वेळ.

"ह्या बाईला जेवायला बोलावलंत?"

"बोलावलं म्हणजे... म्हटलं आपलं. त्या नाही म्हणाल्या!"

"त्या केक आणतायत! आणखी कोणाला बोलावलंत?"

हुशंग-खान बोटं मोजू लागले. एका हाताची संपली. दुसऱ्या हाताची संपली. ते पायांकडे बघायला लागले तेव्हा महीन-खानूम मटकन खाली बसली.

"लोर्नाबाईंनाही?"

"बाईंना आधी बोलवायला हवं होतं, राहून गेलं. गुरुवारी बोलावलं."

"घरात एक कोंबडी आहे हो! एक! उठा. आत्ताच्या आत्ता जा आणि सगळ्यांना सांगून या, कार्यक्रम रद्द. सरळ नाही म्हणायचं. येतं ना 'नो' म्हणता?"

"'नो' काय, कोणालाही येतं!"

गेले. ग्लॅडिसबाईंच्या दारावर टकटक केली. बाईंनी दार उघडलं, अंगात पिठाचे डाग पडलेला झगा, घरभर दालचिनीचा वास.

"हुशंग! बरं झालं आलात. माझी बहीण आली आहे अचानक. मला वाटतं, आज मला जमायचं नाही हो."

देव पावला! आता फक्त 'बरं' म्हणायचं होतं. एक शब्द! पण साठ वर्षांची जीभ ती, मालकाचं ऐकते थोडीच?

"अशक्य!" हुशंग-खान म्हणाले. "बहिणीला आणा! बहीण नसेल तर जेवण नाही!"

बसथांब्यावर डेस्मंड भेटला. त्याची आई किंग्स्टनहून आली होती. "आईला आणा!" वॉल्टरचा मेव्हणा सोफा उचलायला आला होता. "मेव्हण्याला आणा!" औषधाच्या दुकानातली मुलगी म्हणाली, मी शाकाहारी आहे, त्रास होईल तुम्हाला. "त्रास? तुमच्यासारख्या चार मैत्रिणी आणा!" तिला तेवढ्या मैत्रिणीच नव्हत्या, हे महीनचं नशीब.

घरी परतले तेव्हा त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं.

"झालं रद्द?"

"थोडे वाढले," हुशंग-खान म्हणाले.

पुढचे तास महीन-खानूमनं जे केलं त्याला स्वयंपाक म्हणत नाहीत, मोहीम म्हणतात. गावातल्या एका चुलतभावाकडून पातेली आली. इराणी दुकानातून कोंबड्या आल्या, वांगी आली, कोथिंबीर-शेपूच्या जुड्या आल्या. हुशंग-खानांना पाटावर बसवून भाजी निवडायला लावली. पाच वाजता केशराचा वास जिन्यापर्यंत गेला. तांदळाखाली तहदीग धरत होती, पातेल्याच्या तळाची ती सोनेरी कुरकुरीत खरवड. ती घाई केली की रुसते.

"घाबरू नकोस," हुशंग-खान म्हणाले. "सहा म्हणजे काय सहा नसतं. माणसं आठला येतील, साडेआठला टेकतील."

सहाच्या ठोक्याला घंटी वाजली. हुशंग-खान गंजीफ्रॉक आणि लेंग्यात, गालाला शेपू चिकटलेला!

दारात सगळे रांगेनं उभे. केक, फुलं, बटाट्याचं सॅलड, डेस्मंडच्या आईनं आणलेला तिखटजाळ रस्सा आणि कुत्रं. खोली भरली, मोरी भरली, बाल्कनी भरली. बोलायला इंग्रजीशिवाय इलाज नव्हता. आणि गंमत म्हणजे हुशंग-खान बोलत सुटले! पाठ केलेलं एकच वाक्य संपल्यावर त्यांच्यातून दुसरं निघालं, तिसरं निघालं. शिराझची संत्री, कचेरीतला साहेब, बर्फात घसरलेली महीन. चुकत होते, हातवारे करत होते, लोक हसून हसून लोळत होते. त्यांना कळलंच नाही की आपल्याला भीती वाटत नाहीये.

"थोडा भात?" महीन वॉल्टरला म्हणाली.

"नको, पोट भरलं."

हे आपले लाजतायत! तिनं डोंगर वाढला. त्यानं कसाबसा संपवला आणि पुन्हा 'नको' म्हटलं. पुन्हा डोंगर! वॉल्टरनं पट्टा दोन भोकं सैल केला आणि केविलवाण्या नजरेनं विषय बदलला. "वा! काय सुंदर गालिचा आहे हो!"

महीनच्या आईनं स्वतः विणलेला, लग्नात दिलेला, इकडे येताना सामान कमी करायच्या वेळी कपडे मागे ठेवून पेटीत भरलेला तो गालिचा. महीन वळायच्या आत हुशंग-खानांची जीभ सुटली होती.

"तुमच्यापुढे त्याची काय किंमत! तुमचाच आहे. न्या!"

"खरंच?" वॉल्टरचे डोळे पाणावले. "एवढं प्रेम माझ्यावर कोणी केलं नाही." आणि त्यानं मेव्हण्याला हाक मारली. दोघांनी कोपरा धरला आणि गालिचा गुंडाळायला सुरुवात केली!

 महीन-खानूमचा रंग आधी पांढरा झाला, मग लाल.

"थांबा!" ती ओरडली. आणि तिनं कमरेवर हात ठेवून सगळ्यांना इंग्रजीत एक भाषणच दिलं. "आमच्यात असं असतं! देणारा तोंडदेखलं देतो. घेणाऱ्यानं नको म्हणायचं. पुन्हा देतो, पुन्हा नको. तिसऱ्यांदाही दिलं, तरच ते खरं. आणि पाहुणा नको म्हणाला तर ते खरं मानायचं नाही! तो लाजतो. आग्रह करायचा, सोडायचं नाही!"

"असं होय!" ग्लॅडिसबाई टाळ्या वाजवत म्हणाल्या. लोर्नाबाई तर एकेक शब्द मनाशी घोळवत होत्या. वर्गात आम्हाला हे कळतच नाही, म्हणाल्या.

वॉल्टर शहाणा. त्यानं लगेच गालिचा खाली ठेवला आणि खेळ पहिल्यापासून मांडला. "नको हुशंग, मी नाही नेणार."

"छे छे, न्याच!" हुशंग-खान.

"नको."

"माझी शपथ, न्या!"

"नको बुवा."

आता तिसरी खेप. हुशंग-खानांनी छातीवर हात ठेवला, तोंड उघडलं, आणि महीननं मागून त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की बाहेर फक्त "आईईई!" एवढंच आलं. खोली हास्यानं दणाणली. गालिचा वाचला. डेस्मंडच्या आईनं तहदीगचा शेवटचा तुकडा दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा उचलला आणि सगळ्यांनी तिला शाबासकी दिली. निघताना प्रत्येकानं फाइलीत काहीतरी लिहिलं. ज्यांना आधी कधी कोणी घरी बोलावलं नव्हतं, त्या ग्लॅडिसबाईंनी तर पानभर लिहिलं.

सोमवारी लोर्नाबाईंनी फाइल उघडली आणि बराच वेळ वाचतच राहिल्या.

"हुशंग, मी थक्क झाले. आणि शुक्रवारी तुम्हाला बोलताना तर मी स्वतः ऐकलं. तुम्हाला महीनच्या वर्गात घालणं म्हणजे अन्याय. मी तुम्हाला त्याच्याही वरच्या वर्गात पाठवते!"

हुशंग-खानांना घाम फुटला. पण शुक्रवारनं त्यांना धडा शिकवला होता. जन्मात पहिल्यांदा त्यांनी ताठ मानेनं, स्पष्ट सांगितलं.

"नको. थँक्यू. नको."

लोर्नाबाई हसल्या. "मला ठाऊक होतं तुम्ही असंच म्हणणार. नाही हं, जायचंच!"

"नाही हो बाई, खरंच नको. मला बायकोशेजारी बसायचंय!"

"किती गोड लाजता! दुसऱ्यांदा सांगते, जायचं."

"बाई, पाया पडतो, नको!"

"तिसऱ्यांदा!" बाई विजयी मुद्रेनं म्हणाल्या आणि त्यांनी वरच्या वर्गाच्या यादीत हुशंग-खानांचं नाव घालून टाकलं. "बघा, मी आग्रह सोडला नाही!"

बाहेर महीन-खानूम पिस्ते घेऊन उभी होती.

"मिळाला माझा वर्ग?"

"तुझ्याही वरचा मिळाला."

"अहो, मग नाही म्हणायचं ना!"

"म्हटलं की! तीनदा म्हटलं!" हुशंग-खान रडकुंडीला येऊन म्हणाले. "पण त्यांना आग्रह करायला कोणी शिकवलं, ते सांग!"

 महीन-खानूमनं पिस्त्यांचा अख्खा डबाच त्यांच्या हातात ठेवला, आणि ह्या खेपेला त्यांनी एकदाही नको म्हटलं नाही.