हत्तीसाहेबांची पाहणी

एका जंगलात, बाळांनो, डास फार झाले होते. कोणत्या जंगलात ते विचारू नका. जो विचारतो, त्याच्या घरी पाहणी होते.

डासांमागून ताप आला. तेव्हा सिंहमहाराजांनी डास-पाहणी खातं काढलं आणि त्यावर हत्तीसाहेबांना नेमलं. साहेबांची कातडी जाड. आपल्याला डास चावतो हे त्यांना कधी कळलंच नव्हतं. म्हणजे अगदी निःपक्षपाती! चिटणीस म्हणून कोल्हा होता, कारण कोल्हा कुठेतरी असावाच लागतो.

हत्ती असूनही साहेब कामाला वाघ होते. पाणी कुठे साचलंय, ते बिळाबिळापाशी जाऊन बघत. दिवस चिखलाचे. साहेब पुढे गेले की मागे टोपलीएवढे खड्डे उरत. त्यांत पाणी भरे. पाण्यात अळ्या वळवळू लागत.

डास वाढले. मग पाहण्याही वाढवल्या.

सगुणा नावाच्या सशिणीचं पिल्लू तापलं. भिंगरू त्याचं नाव. तिनं साहेबांना गाठलं.

"साहेब, डास जगू देईनात. पोर तापानं फणफणलंय."

"त्यात काय! सोंडेनं अंगावर माती उडवायची. मला बघ, आहे का ताप?"

"सोंड नाही हो आम्हाला."

"मग कान हलवा! देवानं एवढे मोठे दिलेत ते कशाला?"

आणि साहेब जातीनं तिच्या दारापर्यंत गेले. भिंगरूनं त्यांना कान हलवून दाखवायचा प्रयत्न केला. त्याला कान उचलवेनात. साहेब म्हणाले, "सराव कमी पडतोय."

साहेब गेले. दाराशी चार खड्डे राहिले.

सगुणा पोराला सोडून कुठे जात नव्हती. त्यामुळे तिला सगळं दिसलं. आधी पाणी, मग अळ्या, मग डास. ती उठली आणि माती लोटून खड्डे बुजवू लागली.

कोल्हा धावत आला. "अगं बये, साहेबांची पावलं बुजवतेस?"

"पावलं कसली? डासांचं पाळणाघर आहे हे. बघा की वाकून."

कोल्ह्यानं वाकून बघितलं. अळ्या त्यालाही दिसल्या. त्यानं डोळे मिटून हात जोडले. "थोरांच्या पावलांतून जीव जन्माला येतात म्हणतात, ते खोटं नाही!"

दुसऱ्या दिवशी खड्ड्यांभोवती दगड रचले गेले. येताजाता प्रत्येकानं तिथे ओंजळभर पाणी वाहावं, असा हुकूम निघाला. हरणं आली, माकडं आली, मोठ्या श्रद्धेनं पाणी वाहू लागली. आता खड्डे आटायची भीतीच उरली नाही.

"फुलं वाहा रे, पाणी नको," सगुणा विनवत होती. सगळे तिला नास्तिक म्हणू लागले.

पोराला घेऊन तिनं दुसरीकडे जावं, तर जावं कुठे? साहेब सगळीकडे जाऊन आले होते.

भिंगरू गेला. बाळांनो, इथे मला थट्टा सुचत नाही. एवढंसं पोर होतं हो ते. चार मुठी मातीत वाचलं असतं.

बातमी कळताच साहेबांचे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू, मनानं ते फार चांगले होते. सांत्वनाला ते सगुणाच्या दारी स्वतः आले. बराच वेळ या पायावरून त्या पायावर भार देत उभे राहिले.

"या भागावर आता माझं खास लक्ष राहील," ते म्हणाले. "मी रोज येत जाईन."

सगुणा खाली मान घालून त्यांच्या पायांकडे बघत राहिली.

कोल्हा साहेबांच्या कानाशी लागला. "बघा साहेब, शेवटी तिचीही श्रद्धा बसली."

तात्पर्य: थोरांच्या पावलांवर पाऊल ठेवून चालावं. फक्त त्याआधी त्यांतलं पाणी उपसावं, आणि उपसताना कोल्हा बघत नाही ना, तेवढं बघावं.