कुंचेव साहेबांची साखरबंदी

व्हिओलेताने आरशासमोर तीन वेळा तालीम केली आणि स्वतःलाच बजावलं, "पाच मिनिटांचं काम आहे! आत जायचं, सांगायचं, बाहेर यायचं!"

सांगायचं काय, तर आपल्याला मधुमेह आहे. रुसे शहरातल्या कुंचेव साहेबांच्या खिडक्यांच्या कारखान्यात ती इतकी वर्षं ऑर्डरी घेत होती आणि इतकी वर्षं चोरासारखी गोदामात जाऊन, रबरी पट्ट्यांच्या गुंडाळ्यांमागे पोटात इन्सुलिन टोचून घेत होती. एकदा तोदोर फिटर अचानक आत आला, तेव्हा तिने "बटण तुटलंय" म्हणून वेळ मारून नेली होती. या लपाछपीचा तिला आता कंटाळा आला होता. आजाराचा नव्हे, तो अंगवळणी पडला होता. लपण्याचा!

शिवाय अडचण खरी होती. सुई टोचली की जेवावंच लागतं, नाहीतर रक्तातली साखर विहिरीत सोडलेल्या बादलीसारखी खाली जाते. आणि कुंचेव साहेबांना भूक लागायची तीन वाजता, त्यामुळे अख्ख्या कारखान्याला तीनलाच लागते अशी त्यांची समजूत होती. साडेबारा वाजले की त्यांना मीटिंग सुचायची. तेव्हा मागणं एकच, साडेबाराला जेवण.

"साहेब, मला मधुमेह आहे," ती म्हणाली, "आणि त्यासाठी मला फक्त..."

कुंचेव साहेब खुर्चीतून उठलेच. धिप्पाड माणूस, पण डोळे लगेच भरून येणारे. "मधुमेह! अरे देवा! माझ्या सासऱ्यांचा पाय गेला गं यात!"

"साहेब, माझे पाय ठणठणीत आहेत. मला फक्त साडेबाराला..."

"एक शब्द बोलू नकोस! दमशील! आता सगळं माझ्यावर सोड."

आणि तिने सोडलं. तिथेच सगळा घोटाळा झाला!

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर पाटी: 'या इमारतीत साखर आणण्यास सक्त मनाई!' कॉफीच्या टेबलावरचं साखरेचं भांडं गेलं. जिन्याखालचं चॉकलेटचं यंत्र दोन माणसांनी प्रेतासारखं उचलून बाहेर नेलं. साहेबांनी पाटीशेजारी उभं राहून फोटोही काढून घेतला. वर सगळ्यांसमोर जाहीर केलं, "हे सगळं आपल्या व्हिओलेतासाठी!"

चाळीस डोळे तिच्याकडे वळले. एकाही डोळ्यात कौतुक नव्हतं.

हिशेब बघणाऱ्या झोरकामावशी कॉफीत तीन चमचे साखर घेणाऱ्या. त्यांनी कडू कॉफीचा पहिला घोट घेतला आणि व्हिओलेताकडे असं पाहिलं, की जणू तिनेच त्यांच्या नवऱ्याला पळवलंय. "तब्येत कशी आहे गं तुझी?" त्यांनी विचारलं. आवाज असा, की 'बरी आहे' म्हणायचीही भीती वाटावी.

शनिवारी तर कहरच झाला. तोदोरचा नामदिवस, म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा सण! त्या दिवशी माणूस सगळ्यांना पेढे वाटावेत तशा उत्साहाने चॉकलेटं वाटतो. न वाटली, तर वर्षभर टोमणे ऐकतो. तोदोर मोठा खोका आणि बायकोने केलेल्या, पाकात भिजवलेल्या बकलाव्याचं ताट घेऊन आला. साहेबांनी दारातच अडवलं. "मागे फीर! व्हॅनमध्ये ठेव!"

"साहेब, नामदिवस आहे माझा!"

"आणि तिचा जीव आहे तिचा!"

ताट परत गेलं. जाता जाता तोदोर व्हिओलेताला म्हणाला, "ताई, तुम्हाला काय, सुतळीबॉम्ब झालाय का? तुमच्याजवळ साखर आली की फुटता?"

"तोदोर, मी असं काही सांगितलंच नव्हतं रे!"

"मग काय सांगितलं होतं?"

"जेवायचंय, एवढंच."

तोदोरला ते पटलं नाही. कुणालाच पटलं नाही. तिलाही आता नीटसं आठवेना, आपण नेमकं काय बोललो होतो ते. घरी जाऊन तिने बूटसुद्धा काढले नाहीत, तशीच पलंगावर आडवी पडली. लपून होतो तेव्हा निदान लोक हसून बोलत होते!

सोमवारी साडेबाराला तिने आता उघडपणे, आपल्या टेबलाशीच सुई टोचली आणि जेवणाचा डबा काढला. तेवढ्यात साहेबांची हाक आली. "सगळे वर या! तातडीची मीटिंग!"

"साहेब, मी जेवून..."

"अगं, तुझ्याचसाठी आहे! विषय आहे 'व्हिओलेताचं आरोग्य'. तू नसलीस तर कसं चालेल? पाच मिनिटं!"

पाच मिनिटांची तीस झाली. साहेब सासऱ्यांच्या पायापासून सुरू झाले, ते अजून घोट्यापर्यंतच पोचले होते. तेवढ्यात व्हिओलेताचा मोबाइल चिरकला. तिच्या दंडावर चिकटवलेली बटणाएवढी चकती साखर मोजायची आणि धोका दिसला की मोबाइलकडून बोंब ठोकायची. बाण सरळ खाली होता. हात थरथरायला लागले होते, कपाळावर घाम. ओठ कुणीतरी दुसऱ्याचे आणून चिकटवल्यासारखे वाटत होते. पर्समधल्या ग्लुकोजच्या गोळ्या सकाळीच संपल्या होत्या. पण खणात रसाचे तीन डबे होते.

"साहेब, माझ्या खणातला रस... कुणीतरी आणा."

साहेबांनी खिन्नपणे मान हलवली. "तो मी सकाळीच फेकून दिला. तीन डबे, व्हिओलेता! मला सगळं कळतं. सवय सुटत नाही."

"साखर द्या मला!"

"बघा! बघितलंत?" साहेब सगळ्यांकडे वळले. "मागणार! तिचा दोष नाही, आजारच बोलतोय!"

"साहेब, साखर खाली गेलीय! आत्ता दिली नाहीत तर मी इथंच आडवी होईन!"

"मधुमेहात साखर? काच फुटली की आणखी एक दगड मारायचा का?"

व्हिओलेताने टेबलाची कड धरली. समोरची माणसं पाण्याखाली असल्यासारखी हलत होती. तिला राग यायला हवा होता, पण रागाला लागणारी साखरही शिल्लक नव्हती. तिने फक्त झोरकामावशींकडे पाहिलं आणि पुटपुटली, "मावशी, खरंच."

मावशींनी ते पांढरंफटक तोंड पाहिलं. "खड्ड्यात गेली ती बंदी!" त्या ओरडल्या आणि कोपऱ्यातल्या प्रिंटरकडे धावल्या. तो प्रिंटर आठवडाभर बंद होता आणि का बंद होता हे कुणालाच कळत नव्हतं. मावशींनी कागदाचा खण खसकन ओढला. आत कागद नव्हताच! लोकुम नावाच्या गुलाबी वासाच्या मऊ मिठाईचे चौकोनी तुकडे, साखरेच्या पुड्या आणि हलव्याची अख्खी वडी!

"चाव! चाव गं बाई!"

तिने लोकुम चावलं. आणि मग जणू धरण फुटलं! तोदोरने ड्रिलची पेटी उघडली, तिच्यात ड्रिल सोडून सगळा बकलावा होता. कुणी कोटाच्या अस्तरातून वेफर काढले, कुणी कुंडीमागून चॉकलेट. टेबलावर मिठाईचं दुकान लागलं.

"हे सगळं... माझ्या कारखान्यात?" साहेब मटकन बसले.

त्यांच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. सगळेजण व्हिओलेताला भरवत होते. आठवडाभराच्या रागाची भरपाई त्यांना एका दुपारी करायची होती बहुतेक. "माझ्या हातचा एक!" "बायकोने केलाय ताई, नाही म्हणू नका!" दोन तुकड्यांत काम झालं होतं हे तिला ठाऊक होतं. पण साखर तळाला गेली की पोटात लांडगा बसतो, आणि लांडग्याला आकडे कळत नाहीत.

हळूहळू खोली पुन्हा जागेवर आली. साहेब समोर बसले होते, रुमालाने डोळे पुसत. "आज मी तुला मारलंच असतं."

"थोडक्यात हुकलं, साहेब."

"तुला नक्की काय हवं होतं गं?"

"साडेबाराला जेवण. आणि माझ्या खणाला हात नको."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

व्हिओलेताने तोंड उघडलं. मावशींनी टेबलाखालून तिचा पाय दाबला. तिने तोंड मिटलं. वाद घालायचं त्राण कुठे होतं!

"चुकलंच साहेब," ती म्हणाली.

पाटी त्याच दुपारी उतरली. साहेबांनी खणखणीत आवाजात हुकूम काढला, "साडेबारा ते एक व्हिओलेताला कुणी हाक मारायची नाही. मीसुद्धा नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशींनी कॉफीत तीनऐवजी चार चमचे साखर घातली आणि जाता जाता व्हिओलेताच्या गालावर हात फिरवला.

जिंकलो की आपण! बसमधून घरी जाताना तिने खिडकीच्या काचेला डोकं टेकलं. किती वर्षांनी वाटलं, आता लपायचं नाही, सांगायचं नाही, फक्त जेवायचं.

घरी आईने भरल्या मिरच्या केल्या होत्या, वर दही. वासानेच जीव विरघळला. व्हिओलेता पाटावर बसावं तशी ऐसपैस बसली, काटा उचलला, आणि मोबाइल पुन्हा चिरकला. या वेळी सूर वेगळा. बाण सरळ वर! लोकुम, हलवा आणि तोदोरच्या बायकोचा बकलावा एकजुटीने रक्तात पोचले होते.

तिने सुई काढली, टोचली आणि काटा खाली ठेवला. आता साखर उतरेपर्यंत थांबणं आलं.

"निवतंय सगळं," आई म्हणाली. "जेव की!"

"थांब गं जरा."

"का? आज दुपारी जेवली नाहीस वाटतं वेळेवर?"

व्हिओलेताने मिरच्यांकडे पाहिलं. "जेवण सोडून सगळं खाल्लं, आई," ती म्हणाली आणि ताटावर झाकण ठेवलं.