सल्लागारणींस सनदशीर शहाणपण दिल्याची हकीकत

श्रीगजानन सन्मुख असो, लेखणी सरळ चालो आणि वाचणाराचे घरीं सर्वांची सुखरूप सुटका होवो. राज्याभिषेक शक पंचेचाळीस, विलंबी नाम संवत्सर, आश्विन शुद्ध दशमी, ते दिवसापासून या राज्यांत शिकलेल्या सल्ल्यावांचून एकही जीव जन्मास आला नाहीं, ऐसी दफ्तरीं नोंद आहे. नोंद खरी मानावी. त्यापूर्वीं जन्मले ते मात्र, महाराज, दिवाण आणि नोंद करणारा कारकून धरून, सगळे तसेच जन्मले.

कारण ऐसें जाहलें कीं, दिवाण अंताजीपंत यांची धाकटी सून गरोदर राहिली आणि तिला सल्ला सांगावयास तीन बाया आल्या. पहिलीनें सांगितलें, तूप खावें. दुसरीनें सांगितलें, तुपानें मूल पोटांत चिकटतें. तिसरीनें सांगितलें, ग्रहणांत भाजी चिरूं नये, आणि ग्रहण तर सहा महिने दूर होतें. मग सूनबाई रडूं लागल्या आणि त्यांचे भ्रतार, म्हणजे दिवाणांचे चिरंजीव, भयानें स्वतःच तूप खाईनात. तेव्हां दिवाणसाहेब संतापून बोलिले, "फौजेला कवाईत आहे, हत्तीला माहूत आहे, आणि जन्माला यायचं त्याला नुसत्या तीन म्हाताऱ्या?" मग हुकूम सुटला कीं, गर्भिणीस व तिचे घरच्यांस सल्ला सांगणाऱ्या जितक्या बाया असतील तितक्यांनीं राजधानीस यावें, सात दिवस शिकावें, परीक्षा द्यावी आणि सनद न्यावी. सनद नाहीं तिनें सल्ला सांगूं नये. आणि घाटावरील सरकारी दवाखान्यांत गरोदर बाई न्यावयाची तर सनदवालीची चिठ्ठी पाहिजे, चिठ्ठीवांचून पहारेकऱ्यानें दरवाजा उघडूं नये. हुकूम उत्तम होता. वाचून सर्वांस समाधान वाटलें, आणि ज्यांस वाचतां येत नव्हतें त्या बायांस तो दवंडी पिटून कळविण्यांत आला.

ते समयीं घाटाखालचे कसब्यांत कोष्टीआळींत ठकूबाई म्हणून सुईण राहत होती. उमर पन्नाशीची, बोलणें कमी, आणि तीस वर्षें तिचे हातांखालीं आळी जन्मास आली होती. तिचे देखरेखीखालीं लिंबाजी कोष्ट्याची बायको गजरा होती, पहिलटकरीण, आठवा महिना सरत आलेला. ठकूबाईनें पोटावर हात ठेविला आणि बराच वेळ काढला नाहीं. मग बोलिली, "आडवं आहे गं तुझं." गजरेची सासू बायजाबाई मागाजवळून बोलिली, "बापावर गेलंय. तोही सकाळपासून आडवाच आहे." लिंबाजी उठून बसला. ठकूबाई हंसली नाहीं. तिनें सांगितलें, "कळा सुरू व्हायच्या आधी हिला घाटावर न्यायला हवं. तिथले वैद्य फिरवतील." लिंबाजी बोलिला, "मावशी, तुम्हीच फिरवा की. तुमच्यासारखा हात कोणाचा आहे?" ठकूबाई बोलिली, "मी फिरवत नाही." एवढेंच बोलिली, आणि कां तें कोणी विचारिलें नाहीं. मग लिंबाजी बोलिला, "बरं, नेतो. चिठ्ठी द्या." ठकूबाई बोलिली, "चिठ्ठी द्यायची अक्कल आणायलाच निघाले आहे. सात दिवसांत येते. तोवर हिला भांडू देऊ नका आणि घागर उचलू देऊ नका." आणि भाकरी बांधून राजधानीस गेली.

शिबिराचे मुख्य सांबशास्त्री होते. शास्त्रीबोवा आजन्म ब्रह्मचारी, परंतु गर्भविषयीं त्यांचा ग्रंथ आठ अध्यायांचा होता आणि तो त्यांनीं स्वतःच तीन वेळां वाचिला होता. पहिले दिवशीं हजेरी जाहली. दुसरे दिवशीं हजेरी कशी घ्यावी तें शिकविलें. तिसरा दिवस होणाऱ्या बापांचा, म्हणून नगरांतील चाळीस भ्रतार आणून एकेकाचे पोटास पांच शेर बाजरीची पिशवी बांधिली आणि बायकोचें दुःख कळावें म्हणून तटास प्रदक्षिणा घालावयास सांगितलें. दुःख किती जणांस कळलें तें ठाऊक नाहीं, बाजरी मात्र एकही पिशवी परत आली नाहीं. चौथे दिवशीं हात लावून पाहण्याचा पाठ होता. त्याकरितां पेंढ्याची बाई पाहिजे, तर कोठींतून भाद्रपदांतला गौरीचा मुखवटा आणविला, त्याखालीं पेंढा भरून पोट केलें, पोटांत लाकडी बाळ ठेविलें आणि वर लुगडें नेसविलें. आतां बायांपुढें गौर आणून बसविली, तीही पोटुशी, आणि शास्त्रीबोवा म्हणतात चाचपा. बाया उठल्या, हळदकुंकू लाविलें, पायां पडल्या आणि तांदूळ, खण व नारळ घालून गौरीची ओटी भरिली. इतक्यांत पाठाची वेळ संपली. संध्याकाळीं कोठीवाल्यानें पाहिलें कीं, नारळ उघडा ठेविला तर उंदीर नेतील, म्हणून त्यानें तो पेंढ्यांत, पोटांतच, नीट दडपून ठेविला. माणूस प्रामाणिक होता.

सहावे दिवशीं शंका विचारावयाच्या होत्या. एकीनें विचारिलें, भत्ता केव्हां मिळेल. मग ठकूबाई उभी राहिली आणि बोलिली, "शास्त्रीबोवा, आमच्या हातून चुकलं, बाई गेली, तर आम्ही कोणाला सांगायचं?" शास्त्रीबोवांनीं ग्रंथाचीं पानें पुढें केलीं, मागें केलीं आणि बोलिले, "हा विषय नवव्या अध्यायाचा. तो अजून लिहिला नाही." मग सर्वांस अभिप्रायाचे कागद वाटिले. त्यांवर 'शिबीर फार उपयोगी वाटलें' ऐसें आधींच लिहिलेलें होतें, बायांनीं केवळ अंगठा करावयाचा होता. एक्केचाळीसही बायांनीं केला.

सातवे दिवशीं परीक्षा. एकेक बाई गौरीपुढें बोलावावी आणि विचारावें, पोटीं काय आहे. प्रथम कसब्याच्या कुळकर्ण्यांची लेक द्वारकाताई गेली, उमर एकोणीस, अक्षर मोत्यासारखें. तिनें हात जोडिले, गौरीस स्पर्श केला नाहीं आणि पांचवा अध्याय म्हणून दाखविला, "एक अपत्य, मस्तक अधोभागी, सर्व क्षेम." शास्त्रीबोवा डोलले. मागाहून एकूणचाळीस बायांनीं तेंच म्हटलें. शेवटीं ठकूबाई गेली. तिनें डोळे मिटून दोन्ही हातांनीं चाचपिलें आणि बोलिली, "दोन डोकी लागतात." शास्त्रीबोवा बोलिले, "ग्रंथात एक आहे." ती बोलिली, "ग्रंथाच्या पोटात एक असेल. हिच्या पोटात दोन आहेत. आणि वरच्याला शेंडी आहे." शास्त्रीबोवांचा हात आपले शेंडीकडे गेला. ठकूबाई पुनः चाचपून बोलिली, "हलवलं की आत पाणीही वाजतंय. हे लक्षण बरं नाही." पोट उकलून पाहावें तर भर सभेंत गौरीचें लुगडें कोण सोडणार, म्हणून तें राहिलें, आणि तिचे नांवापुढें शेरा पडला: 'अनुत्तीर्ण. कल्पना अधिक, ग्रंथ कमी.' सभा उठल्यावर कोठीवाल्यानें नारळ काढून घरीं नेला, आणि निकाल लागून गेला होता सबब कोणास सांगितलें नाहीं.

ठकूबाई रिकाम्या हातानें परत आली तों गजरेस नववा लागला होता आणि मूल होतें तसेंच आडवें होतें. कसब्यांत सनद एकट्या द्वारकाताईंजवळ. मग लिंबाजी त्यांस बोलावून घेऊन आला. ताई ग्रंथ घेऊन आंत बसल्या. ठकूबाईस सल्ला सांगण्यास मनाई, म्हणून ती बाहेर ओट्यावर दाराकडे पाठ करून बसली. अंगणांत बायजाबाईची शेळी बांधिली होती. द्वारकाताईंनीं गजरेस विचारिलें, "मस्तक अधोभागी आहे ना?" गजरा बोलिली, "मला कसं कळणार, ताई? मी काय आत बसले आहे?" तेव्हां ठकूबाई ओट्यावरून शेळीस बोलूं लागली, "शेळे, तुझं डोकं डाव्या कुशीला आहे गं. ढुंगण उजवीकडे. खाली काहीच नाही. कळा लागल्या आणि पाणी गेलं, तर आधी नाळ खाली येईल, नाहीतर हात, आणि मग तुलाही कोणी वाचवायचं नाही आणि पोरालाही." शेळी पाला खात होती. लेकी बोले सुने लागे, ही रीत बायजाबाईस पक्की ठाऊक, तिनें आंतून विचारिलें, "शेळीला किती दिवसांत न्यायचं?" ठकूबाई बोलिली, "आज."

मग द्वारकाताई ग्रंथ मिटून बाहेर आल्या आणि ओट्यावर ठकूबाईशेजारीं बसल्या. बोलिल्या, "मावशी, मला चिठ्ठी लिहिता येते. काय लिहायचं ते येत नाही." ठकूबाई बोलिली, "शेळीच्या चिठ्ठीत काय लिहिणार?" ताई बोलिल्या, "चिठ्ठी शेळीची नाही. आणि न पाहता सही करायची मला भीती वाटते. मी कोणाच्या पोटाला हात लावलेला नाही. गौरीच्याही नाही." ठकूबाई उठली, मनाई मोडून आंत गेली, ताईंचा हात धरून गजरेच्या पोटावर ठेविला आणि बोलिली, "हे गोल, कठीण, इकडे तिकडे हलतं, ते डोकं. ही पाठ. आता खाली दाब. काय लागतं?" ताई बोलिल्या, "काहीच नाही." "हे काहीच नाही तेच लिही," ठकूबाई बोलिली. ताईंनीं लिहिलें, आणि अक्षर पहिल्यांदाच वांकडें आलें.

गाडी जुंपून घाट चढूं लागले. गजरा पेंढ्यावर निजलेली, लिंबाजी बैलांपुढें, आणि दोघी मागून पायीं. दुसरे वळणास ताईंनीं विचारिलें, "मावशी, तुम्ही का फिरवत नाही?" ठकूबाई बोलिली, "चौदा वर्षं झाली. मंजुळा म्हणून होती, तेल्याची. तिचंही आडवं. मी फिरवायला गेले. फिरलंसुद्धा. मग रक्त सुरू झालं ते थांबेना." ताईंनीं 'अरेरे' म्हटलें नाहीं. विचारिलें, "कितवा महिना होता?" मग विचारिलें, "हात कुठे दाबला होता?" मग विचारिलें, "रक्त लगेच आलं की थोड्या वेळाने?" ठकूबाई एकेक सांगत गेली. सांगतां सांगतां घाट सरला. वर आल्यावर ती बोलिली, "सगळ्यांनी मला सांगितलं, देवाची मर्जी. कसं झालं ते कोणी विचारलं नव्हतं."

दवाखान्याचे पहारेकऱ्यानें चिठ्ठी घेतली, मोहोर पाहिली, सनदेचा आंकडा पाहिला, मजकूर पाहिला नाहीं आणि दरवाजा उघडिला. वैद्य तिमाप्पा यांनीं गजरेस निजवून पोटावरून हात फिरवीत मूल सरळ केलें. दुसरे दिवशीं तें पुनः आडवें जाहलें. पुनः सरळ केलें आणि पोटास पट्टा बांधून निजविलें. वैद्यांनीं विचारिलें, "हे कळांच्या आधी कोणी ओळखलं? कळा लागल्यावर आणली असती तर मी फक्त रडायला सोबत केली असती." दोघींनीं एकमेकींकडे बोट दाखविलें. नववे दिवशीं मुलगी जन्मली, डोकें आधीं, रडणें मागाहून. बायजाबाई पाहावयास आली आणि बोलिली, "आठ दिवस पट्टा बांधला तेव्हा कुठे सरळ आली. हिच्या बापाला बांधायला हवा होता."

हें वर्तमान दरबारीं पोंचलें तेव्हां शिबिराचें पहिलें फळ म्हणून सांबशास्त्र्यांस शालजोडी दिली आणि द्वारकाताईंस सत्कारास बोलाविलें. ताई सभेंत उभ्या राहून बोलिल्या, "सरकार, चिठ्ठी माझी, पण हात ठकूबाईचा." दिवाणसाहेब बोलिले, "म्हणजे सनद एकीची आणि अक्कल दुसरीची? हे बेकायदा आहे." ताई बोलिल्या, "होय. आणि मी आता रोज तिच्याबरोबर जाऊन शिकते, तेही बेकायदा आहे. राज्यात अशा चाळीसजणी सनद घेऊन घरोघर बसल्या आहेत, सरकार. त्यांना विचारायला कोणीच नाही." दिवाणसाहेब शिक्षेचा विचार करूं लागले. इतक्यांत पडद्याआडून त्यांची सून, जिला आतां सातवा होता, बोलिली, "मामंजी, त्या हातवाल्या बाईंना आमच्याकडे बोलवा." मग दिवाणसाहेबांनीं शिक्षेचा विचार पुढें ढकलिला.

मग नवा हुकूम निघाला कीं, सनद मिळाली तरी नव्या सल्लागारणीनें वर्षभर जाणत्या बाईचे संगतीनें घरें हिंडावीं, आणि दर पौर्णिमेस सर्वांनीं जमून आपलें काय चुकलें तें एकमेकींस सांगावें, आणि टिपून घेण्यास कारकून हजर असावा. पहिले पौर्णिमेस कारकून दौत घेऊन बसला आणि कोणाचेंच कांहीं चुकलें नव्हतें. मग द्वारकाताईंनीं त्यास लाडू दिले आणि बाहेर ओट्यावर नेऊन बसविलें. मग आंत बाया बोलूं लागल्या त्या दिवेलागणीपर्यंत. कारकुनानें टिपलें, 'सर्व क्षेम.'

सारांश हाच कीं, त्या सालीं राज्यांत सल्लागारणी शिकून तयार जाहल्या, दिवाणांचे घरीं नातू सुखरूप जन्मला, शास्त्रीबोवांचे ग्रंथाची दुसरी प्रत निघाली, आणि ठकूबाईस परीक्षेवांचून सनद द्यावी ऐसें ठरून ती मोहोरबंद तयार जाहली. सनद समक्ष येऊन न्यावी ऐसा नियम आहे. त्याकरितां तिला तीन वेळां दिवस नेमून दिला. तिन्ही वेळां कोणी ना कोणी बाळंत होत होतें. सनद दफ्तरांत आहे.