शिवलिंग अण्णांचे जपानी सिनेमे

टीव्हीच्या पडद्याला टेप लावून माणसं मोजणारा गृहस्थ आमच्या मुरुम गावात एकच आहे. शिवलिंग अण्णा, माझे शेजारी. निवृत्त लाइनमन. बायको वारल्यापासून एकटेच राहतात. लेकानं टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं आणि अण्णांना जुने, काळेपांढरे जपानी सिनेमे सापडले.

"अण्णा, भाषा कळती का?" मी एकदा विचारलं.

"भाषा कशाला? कोण किती वाकतंय बघा की!" त्यांनी सिनेमा थांबवून टेप लावला. "नवरा दोन इंच. बायको साडेपाच. सासू आली की सात!"

हळूहळू दुपारी गल्लीतल्या बायका तिथं जमू लागल्या. त्यांत माझी बायको सुनंदा पहिली.

"बघा ताई," अण्णा सांगायचे, "घर सोडून चाललीय बाई, अन् कॅमेरा नवऱ्याच्या तोंडावर! रडायचा मान बी त्यालाच."

"सिनेमा काढला कुणी?" सुनंदा विचारायची.

"गडीमाणसानंच की!"

बायका खो खो हसायच्या. ते हसू भिंतीपलीकडं मला ऐकू यायचं आणि अंगाचा तिळपापड व्हायचा. वीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवतोय, सुनंदानं मला कधी एक प्रश्न विचारला नाही. आता जेवताना सारखं "अण्णा म्हणले", "अण्णा म्हणले". सत्तरीच्या माणसावर जळतोय, हे सांगणार तरी कुणाला?

शेवटी एका रविवारी सकाळी मी अण्णांकडं गेलो. ते एकटेच होते. पडद्यावर एक बाई तंतुवाद्य मांडीवर घेऊन गात होती, समोर पुरुष दारू पीत बसले होते.

"सुनंदाला उद्यापासून यायला जमणार नाही," मी म्हणालो.

अण्णांनी सिनेमा थांबवला. "ताईला जमणार न्हाय, का तुमाला?"

मी समोरच्या खुर्चीत बसलो.

"मास्तर, आमची गौरा भजनात लई गोड गायची. बाजारात मला कुणी लाइनमन म्हणत नव्हतं, गौराबाईचा नवरा म्हणायचे. लई जळलो म्या. एक दिवस म्हणलं, उद्यापासून जायचं न्हाय."

"मग?"

"मग काय, न्हाय गेली. भांडली बी न्हाय. पुढं बावीस वर्षं जगली, पण घरात सुदीक कधी गुणगुणली न्हाय."

त्यांनी सिनेमा पुन्हा सुरू केला आणि आवाज वाढवला. पडद्यावरची बाई गाऊ लागली. अण्णा खाली मान घालून ऐकत होते.

मी उठलो आणि सुनंदाला बोलवायला गेलो.